चार मायक्रॉन

ड्रॉइंगवर नाव नव्हतं.
नुसता नंबर, सात आकडी,
आणि कोपऱ्यात: टायटॅनियम, आठ नग.
कुठं बसणार, कशात, हे विचारायचं नसतं.
तरी जिनगोंडानं विचारलंच,
"मॅडम, जातंय खरं कुठं हे?"

उद्यमबागेत फाउंड्र्या ओततात त्या दिवशी
अनगोळपर्यंत जळक्या वाळूचा वास जातो.
आमच्या खोलीत मात्र बारा महिने वीस अंश,
धातूनं अंग ताणू नये म्हणून.
मे महिन्यात मी स्वेटर घालून बसते
आणि मच्छ्याहून टेम्पोनं येताना आलेला घाम
पाठीला चिकटून थंड होतो.

नवीन लागले तेव्हा सासूनं विचारलं,
दिवसभर मोजतेस म्हणजे मोजतेस काय?
मी डोक्यातला एक केस उपटून दिला:
ह्याचे सत्तर भाग करा, त्यातला एक.
तिनं केस उजेडाला धरला.
म्हणाली, पिकायला लागलीस की गं.

आठातले सात पास.
आठव्याचं भोक चार मायक्रॉन मोठं.
दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा हात धुऊन मोजलं.
मग बसनगौडा सरांनी मोजलं
आणि न बोलता लाल टॅग बांधला.
नापास नग करवतीनं चिरायचा, असा नियम आहे,
चुकूनही कुणी पेटीत घालू नये म्हणून.
जिनगोंडानं चिरला. ब्लेड दोनदा बदललं.
रजिस्टरात तिघांच्या सह्या:
त्याची कन्नडात, माझी मराठीत,
सरांची कुणालाच न वाचता येणारी.
नोंदीप्रमाणे दोन्ही अर्धे भंगारात गेले.
संध्याकाळी एक माझ्या जेवणाच्या पिशवीतून बाहेर पडला.

पुढं दीड वर्षानं कळलं, मंगळ.
कळलं म्हणजे टपरीवर कळलं.

यान उतरायचं त्या रात्री मशिनी थांबल्या.
एका मोबाइलवर अकरा डोकी.
तिथून इथं खबर यायला बारा मिनिटं लागतात, भरमू म्हणाला,
म्हणजे जे व्हायचं ते होऊन गेलंय,
आपल्याला अजून काळजी करायला मोकळीक आहे.
पाच मिनिटं उशिराला पगार कापणारे सर
बारा मिनिटं भिंतीला टेकून उभे.
"बंतु!" तेच पहिले ओरडले,
आणि आम्ही 'आलं' म्हणायचं विसरून
बंतु, बंतु करत एकमेकांच्या पाठी बडवल्या.
कुणीतरी कुंदा आणला. कागदावर, चमचा मोजून.

पहिला फोटो: दगड, धूळ, लांबवर एक उंचवटा.
भरमू म्हणाला, हा तर आमच्या गर्लगुंजीचा माळ.
तसाच होता. फक्त पाटी नव्हती कुठं,
त्यामुळं ती कुठल्या भाषेत हवी म्हणून मोर्चाही नव्हता.
लाल दिसतो तो गंजामुळं,
असं त्याच्या मुलीच्या पुस्तकात होतं.
गंज म्हटल्यावर आम्ही जरा गप्प झालो.
एवढा मोठा ग्रह,
आणि कुणी कधी तेलाचा हात फिरवला नाही.

चारशे दिवस चाललं ते.
मग वादळ आलं, धूळ बसली, बोलणं थांबलं.
पेपरात आतल्या पानावर
सोन्याच्या दराखाली चार ओळी.
सातातले किती बसवले होते,
किती कुठल्या कपाटात राखीव राहिले,
की एकही गेला नाही,
मला माहीत नाही. विचारायचं नसतं.

माझा अर्धा खिडकीत असतो, विजेच्या बिलावर.
पावसाळ्यात विळी गंजते, बिजागरी कुरकुरते,
त्याला काही होत नाही.
बिल कन्नडात येतं, सासू नुसते आकडे वाचते,
मग तो उचलून डोळ्याला लावते,
अर्ध्या भोकातून गल्ली बघते.
"ते चार कुठायत गं ह्यात?"
असतील की इथंच कुठंतरी, मी म्हणते.
करवतीत गेले नसले तर.